स्वभाव, जनुके, संप्रेरके आणि मेंदूतील रसायने : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माणसाचा स्वभाव रक्तातून येतो की संगतीतून?

‘खाण तशी माती’ म्हणणारी आपली भाषा त्याच दमात ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ असेही म्हणते. या दोन म्हणींपैकी एक खरी आणि दुसरी खोटी ठरवण्यात गेल्या शतकातील बरेच संशोधन खर्ची पडले. त्याचे मुख्य साधन होते जुळी भावंडे. एकाच फलित बीजापासून झालेल्या जुळ्यांची जनुके जवळजवळ सारखी असतात, तर दोन बीजांपासून झालेल्या जुळ्यांमध्ये सर्वसाधारण सख्ख्या भावंडांइतकेच साम्य असते. दोन्ही प्रकारची जुळी एकाच घरात वाढत असल्यामुळे, पहिल्या प्रकारची जुळी एखाद्या गुणात एकमेकांच्या जास्त जवळ असतील, तर त्या गुणातील फरकांमध्ये जनुकांचा वाटा आहे असे अनुमान काढता येते. अशा अर्धशतकभराच्या अभ्यासांची एकत्रित मोजणी 2015 मध्ये प्रसिद्ध झाली. तीत 2,700 हून अधिक शोधनिबंध आणि सुमारे 1 कोटी 45 लाख जुळ्यांच्या जोड्या होत्या, आणि सर्व गुणांची सरासरी आनुवंशिकता 49 टक्के निघाली.

म्हणजे माझा तापटपणा निम्मा वडिलांकडून आला आणि निम्मा परिस्थितीतून, असे समजावे का?

नाही. हा सर्वांत जास्त आढळणारा गैरसमज आहे, म्हणून त्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे. आनुवंशिकतेची टक्केवारी एका माणसाविषयी काहीच सांगत नाही. एका विशिष्ट समाजात, विशिष्ट काळी, माणसामाणसांत जे फरक दिसतात त्यांपैकी किती फरकांचा संबंध जनुकीय फरकांशी लागतो, एवढेच ती सांगते. एकाच माणसाच्या बाबतीत अशी वाटणी करणे म्हणजे समोरच्या भाकरीत पिठाचा भाग किती आणि आचेचा किती, असे विचारणे होय.

शिवाय परिस्थिती बदलली की हा आकडाही बदलतो. फिनिलकीटोन्युरिया हा आजार याचे स्पष्ट उदाहरण आहे. नॉर्वेतील वैद्य आस्ब्योर्न फोलिंग यांनी तो 1934 मध्ये ओळखला. एका जनुकातील दोषामुळे फिनिलॲलॅनिन हा प्रथिनांतील घटक शरीरात साचत जातो आणि बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. आजार पूर्णपणे आनुवंशिक आहे, परंतु जन्मानंतर लगेच निदान करून तो घटक अत्यल्प असलेला आहार दिला, तर तेच मूल शाळेत इतर मुलांच्या बरोबरीने शिकते. जनुक होते तेच राहिले, ताट बदलले आणि परिणाम बदलला. ‘आनुवंशिक’ या शब्दाचा अर्थ ‘अटळ’ असा घेणाऱ्यांनी हे एक उदाहरण तरी लक्षात ठेवावे.

रागाचे किंवा गुन्हेगारीचे एखादे विशिष्ट जनुक असते का?

वृत्तपत्रांनी ज्याला ‘योद्धा जनुक’ असे नाव दिले त्याची हकिकत या प्रश्नाचे बरेचसे उत्तर देते. नेदरलँड्समधील एका कुटुंबात अनेक पिढ्यांतील काही पुरुष अचानक हिंसक होत, जाळपोळ करीत, आणि त्यांची बुद्धीही काहीशी मंद असे. हान ब्रुनर आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये दाखवून दिले की या पुरुषांत मोनोअमाइन ऑक्सिडेज-ए हे विकर (एन्झाइम) तयारच होत नव्हते. सेरोटोनिन, नॉरॲड्रेनॅलिन आणि डोपामाइन या मेंदूतील संदेशवाहक रसायनांचे विघटन करणे हे त्याचे काम. त्याचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते, आणि पुरुषांत ते गुणसूत्र एकच असल्यामुळे दोष झाकणारी दुसरी प्रत त्यांच्याकडे नव्हती. त्या घरातील स्त्रियांना मात्र तसा त्रास नव्हता.

हा दोष अतिशय दुर्मीळ आहे. परंतु याच जनुकाचे कमी आणि जास्त कार्यक्षम असे दोन सर्वसामान्य प्रकार जगभर लाखो लोकांत आढळतात आणि गोंधळ तेथे सुरू झाला. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे 1972-73 मध्ये जन्मलेल्या सुमारे हजार मुलांचा जन्मापासून अभ्यास चालू आहे. त्यातील मुलग्यांच्या माहितीवरून 2002 मध्ये असे मांडण्यात आले की कमी कार्यक्षम प्रकार असलेले मुलगे लहानपणी छळ सोसलेले असतील, तर पुढे समाजविघातक वर्तनाकडे वळण्याची शक्यता त्यांच्यात अधिक होती. ज्यांचे बालपण धड गेले त्यांच्यात या प्रकारामुळे विशेष फरक पडला नाही. नंतरच्या अभ्यासांत हा परिणाम कधी दिसला, कधी फिका पडला. तरीही इटलीतील त्रिएस्ते येथील अपील न्यायालयाने 2009 मध्ये एका खुनाच्या खटल्यात आरोपीच्या जनुकांचा अहवाल विचारात घेऊन शिक्षा एका वर्षाने कमी केली. प्रस्तुत लेखकाच्या मते त्या अहवालातून एका माणसाविषयी निघू शकेल त्याहून बराच मोठा निष्कर्ष तेथे काढला गेला.

नैराश्याच्या बाबतीतही कारणीभूत समजल्या जाणाऱ्या जनुकांची यादी बरीच वर्षे वाढत राहिली. अखेर 2019 मध्ये लाखो लोकांच्या माहितीवर 18 ‘प्रसिद्ध’ जनुके तपासली गेली, तेव्हा नैराश्याशी त्यांचा संबंध कोणत्याही इतर जनुकांपेक्षा अधिक आढळला नाही. आजचे चित्र असे आहे की स्वभाव, नैराश्य, चिंता यांच्याशी शेकडो-हजारो जनुकीय फरकांचा संबंध असतो आणि प्रत्येकाचा वाटा नगण्य असतो.

मग एकाच जनुकामुळे वागणे बदलते असे कधीच होत नाही का?

होते, पण क्वचित. हंटिंग्टन रोगात चौथ्या गुणसूत्रावरील एका जनुकात तीन अक्षरांचा एक तुकडा पुन्हा पुन्हा येतो. ही पुनरावृत्ती 40 किंवा त्याहून अधिक वेळा असली, तर पुरेसे आयुष्य लाभलेल्या व्यक्तीला रोग होतोच. हातापायांच्या अनैच्छिक हालचाली सुरू होण्यापूर्वी काही वर्षे चिडचिड, उदासीनता, निर्णयांतील गडबड दिसू लागते आणि घरच्यांना वाटते की माणूस ‘बदलला’.

दुसरे उदाहरण अधिक रंजक आहे, कारण त्यात जनुक मेंदूला न शिवता वागणे बदलते. चीन, जपान आणि कोरिया येथील एक तृतीयांशाच्या आसपास लोकांत अल्डिहाइड डिहायड्रोजिनेज-2 या यकृतातील विकराचा दुबळा प्रकार असतो. दारूपासून शरीरात तयार होणाऱ्या ॲसिटाल्डिहाइड या त्रासदायक रसायनाचा निचरा करणे हे या विकराचे काम. ते दुबळे असल्याने दारूचा घोट घेताच ॲसिटाल्डिहाइड साचते, चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, मळमळते. साहजिकच असे लोक दारूच्या आहारी जाण्याचे प्रमाण कमी असते. डायसल्फिराम हे व्यसनमुक्तीत वापरले जाणारे औषध हेच विकर रोखते, म्हणजे जनुकाने केले असते ते काम गोळी करते.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. आपल्याकडे ‘दारू सोडवण्याची पावडर’ म्हणून अशी औषधे नवऱ्याच्या किंवा मुलाच्या जेवणात गुपचूप मिसळली जातात. त्या माणसाने त्यावर दारू घेतली तर रक्तदाब एकदम कोसळून जिवावर बेतू शकते. हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि रुग्णाला सांगूनच द्यावयाचे असते.

संप्रेरके (हॉर्मोन्स) वागणुकीवर परिणाम करतात हे कसे कळले?

कोंबड्यांमुळे. जर्मनीतील ग्योटिंगेन येथे 1849 मध्ये आर्नोल्ड बेर्टोल्ड यांनी सहा तरुण कोंबड्यांची वृषणे काढली. ज्यांना तसेच ठेवले त्यांचा तुरा खुरटला, त्यांनी आरवणे सोडले आणि ते भांडेनासे झाले. ज्यांच्या पोटात वृषण पुन्हा बसवले, मग ते स्वतःचे असो वा दुसऱ्या कोंबड्याचे, ते पूर्वीसारखे आरवू लागले, माद्यांच्या मागे लागले आणि एकमेकांवर धावून जाऊ लागले. मूळ मज्जातंतू तर कापले गेले होते. म्हणजे जे काही जात होते ते रक्तातूनच जात होते.

टेस्टोस्टेरॉन वाढले की माणूस आक्रमक होतो का?

टेस्टोस्टेरॉन हे वृषणांत तयार होणारे संप्रेरक असल्यामुळे कोंबड्यांवरून माणसांवर उडी मारली तर तसे वाटते खरे, परंतु पुरावा त्याहून गुंतागुंतीचा आहे. झ्युरिक येथील संशोधकांनी शंभरहून अधिक स्त्रियांना टेस्टोस्टेरॉनची किंवा बिनऔषधाची मात्रा देऊन पैशांच्या वाटपाचा एक खेळ खेळायला लावला. एकीने रक्कम कशी वाटायची ते सुचवायचे. दुसरीने नकार दिला तर दोघींनाही काही मिळणार नाही. प्रत्यक्ष टेस्टोस्टेरॉन मिळालेल्या स्त्रियांनी अधिक समान वाटप सुचवले. मात्र आपल्याला टेस्टोस्टेरॉन मिळाले आहे असा ज्यांचा *समज* होता, त्यांनी अधिक अन्यायकारक वाटप सुचवले. रसायनापेक्षा रसायनाविषयीची समजूतच तेथे भारी पडली.

उलट दिशेने, म्हणजे वागण्यामुळे संप्रेरक बदलण्याचीही उदाहरणे आहेत. फिलिपिन्समधील सेबू येथील 624 पुरुषांची 2005 आणि 2009 अशी दोनदा तपासणी झाली. ज्यांचे टेस्टोस्टेरॉन सुरुवातीला जास्त होते ते या काळात जोडीदार मिळवून बाप होण्याची शक्यता अधिक होती. आणि बाप झाल्यावर त्यांचेच प्रमाण लक्षणीय उतरले. रोज तीन तास किंवा त्याहून अधिक वेळ मुलांचे करणाऱ्या बापांत ते आणखी कमी होते. असे असताना रक्ततपासणीच्या एका आकड्यावरून ‘मर्दानगी’ मोजण्याच्या जाहिरातींना काय म्हणावे हे वाचकांनीच ठरवावे.

पाळीच्या आधी होणारी चिडचिड आणि रडू येणे हे मनाचे खेळ आहेत का? तपासणीत तर सर्व संप्रेरके ‘नॉर्मल’ येतात.

तपासणी नॉर्मल येते म्हणून त्रास खोटा ठरत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील पीटर श्मिट, डेव्हिड रुबिनो आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या बाबतीत निर्णायक मानावा असा आहे. पाळीपूर्वीचा तीव्र त्रास असलेल्या स्त्रियांची बीजकोशांची संप्रेरके त्यांनी औषधाने तात्पुरती बंद केली, तेव्हा त्यांतील अनेकींचा त्रास थांबला. त्यानंतर इस्ट्रोजेन किंवा प्रोजेस्टेरॉन नेहमीच्या पातळीवर परत देताच त्या पुन्हा उदास आणि चिडचिड्या झाल्या. ज्यांना मुळात त्रास नव्हता अशा स्त्रियांना हेच औषध आणि हीच संप्रेरके दिली, तर त्यांच्या मनःस्थितीत काहीच फरक पडला नाही.

फरक संप्रेरकाच्या पातळीत नसून त्या पातळीला मेंदू देत असलेल्या प्रतिसादात आहे. म्हणूनच ‘सगळ्याच बायकांना होते, तूच एवढे मनावर घेतेस’ हे सासूबाईंचे वाक्य वैद्यकीयदृष्ट्याही चुकीचे आहे. दर महिन्याला काम, अभ्यास किंवा घरातील नाती बिघडण्याइतका त्रास होत असेल, तर दोन महिने तारखेनुसार लक्षणे लिहून ठेवून ती वही स्त्रीरोगतज्ज्ञांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावी. निदानासाठी तिचा उपयोग रक्ताच्या अहवालापेक्षा जास्त होतो.

बाळंतपणानंतर उदास वाटणे किती काळ स्वाभाविक समजावे?

साधारण दोन आठवडे. वार पडल्यानंतर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन काही दिवसांतच झपाट्याने उतरतात, त्यात जागरण आणि अशक्तपणा असतो. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या दिवसाच्या सुमारास रडू येणे अगदी सर्रास आढळते. दोन आठवड्यांनंतरही उदासी टिकली, बाळाविषयी काही वाटेनासे झाले किंवा स्वतःला अथवा बाळाला इजा करण्याचे विचार आले, तर तो आजार आहे. भास होणे, भलतेसलते संशय येणे, झोपच न लागणे ही लक्षणे दिसली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. ‘बाहेरची बाधा’ समजून घालवलेले दिवस येथे महागात पडतात.

थायरॉइडमुळे स्वभाव बदलतो का?

होय, आणि ही अशी बाब आहे की जिच्यात साधी तपासणी खरोखर उपयोगी पडते. थायरॉइड संप्रेरक कमी पडले तर माणूस मंदावतो, विसरतो, उदास राहतो. जास्त झाले तर धडधड, अस्वस्थता आणि चिडचिड होते. म्हणून नैराश्याच्या रुग्णाची टीएसएच तपासणी करून घेण्याची पद्धत आहे.

याच संप्रेरकासाठी लागणारे आयोडीन आईच्या आहारात नसेल, तर बाळाच्या बुद्धीवर कायमचा परिणाम होतो. हिमाचल प्रदेशातील कांगडा खोऱ्यात 1956 पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी काही भागांत आयोडीनयुक्त मीठ पुरवून आणि काही भागांत साधे मीठ ठेवून तुलना केली, तेव्हा आयोडीन मिळालेल्या भागांत गलगंड उतरला. आपल्या स्वयंपाकघरातील मिठाच्या पिशवीवर ‘आयोडीनयुक्त’ असे छापलेले असते त्यामागे हे काम आहे.

डोपामाइन म्हणजे आनंद देणारे रसायन का?

समाजमाध्यमांवर तसे सांगितले जाते, परंतु डोपामाइनची पहिली ओळख आनंदाशी नव्हे, तर हालचालीशी निगडित आहे, आणि तिचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे वेडावर आणि निद्रानाशावर फार पूर्वीपासून देत. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी कोलकात्यात 1931 मध्ये तिच्याविषयी लिहिले. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये ब्रिटिश हृदयरोग नियतकालिकात उच्च रक्तदाबावरील तिच्या उपयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि जगाचे लक्ष वेधले. पुढे 1952 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये या मुळीतून रेसर्पिन वेगळे काढण्यात आले.

हे रेसर्पिन स्वीडनमधील आर्व्हिड कार्लसन यांनी सशांना दिले, तेव्हा ससे कान पाडून निश्चल बसले. मग त्यांना एल-डोपा टोचले, आणि थोड्याच वेळात ते उठून हालचाल करू लागले. रेसर्पिनने मेंदूतील डोपामाइनचा साठा रिकामा केला होता. एल-डोपापासून तो पुन्हा भरला गेला. कंपवाताच्या म्हणजे पार्किन्सनच्या रुग्णांना आजही दिली जाणारी मुख्य गोळी या निरीक्षणातून आली. कार्लसन यांना 2000 सालचे नोबेल मिळाले.

आनंदाचा भाग नंतर आला, तोही वेगळ्या रूपात. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांना फळांचा रस देताना डोपामाइनच्या चेतापेशींची नोंद घेतली. सुरुवातीला रस मिळताच त्या पेशी चेतत. दिवा लागला की रस मिळतो हे कळल्यावर त्या दिवा लागताच चेतू लागल्या, रसाला नाही. दिवा लागूनही रस आला नाही, तर त्यांचे चेतणे नेहमीपेक्षाही कमी झाले. म्हणजे अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतील तफावत त्या कळवत होत्या. मोबाइलवर काही नवे आले का, हे पाहण्यासाठी हात आपोआप खिशाकडे का जातो, याचा विचार या प्रयोगाच्या आधारे करता येतो. मात्र ‘डोपामाइन उपवास’ करून ते रसायन शरीरातून साफ होते, या दाव्यात तथ्य नाही.

पार्किन्सनच्या रुग्णांसाठी एक सूचना येथेच देणे योग्य होईल. डोपामाइनसारखे काम करणाऱ्या प्रॅमिपेक्सोलसारख्या औषधांमुळे काही रुग्णांना जुगाराचा, खरेदीचा किंवा लैंगिक वर्तनाचा अनावर नाद लागतो. आयुष्यभर काटकसरीने राहिलेले आजोबा अचानक लॉटरीवर पेन्शन उधळू लागले, तर त्यांना बोल लावण्याआधी त्यांची औषधांची चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे जावे. मात्रा कमी केल्यावर हा नाद बहुधा ओसरतो.

सेरोटोनिन कमी झाल्यामुळे नैराश्य येते, हे खरे आहे का?

इतक्या सोप्या शब्दांत नाही. नैराश्यावरील नेहमीच्या गोळ्या दोन चेतापेशींच्या मधल्या जागेतील सेरोटोनिनची पातळी काही तासांतच वाढवतात, पण रुग्णाला बरे वाटायला काही आठवडे लागतात. केवळ रसायनाची भर घालण्याचा प्रश्न असता तर असा उशीर झाला नसता. लंडनच्या संशोधकांनी 2022 मध्ये उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला, त्यात नैराश्यग्रस्तांमध्ये सेरोटोनिन कमी असते याचा सुसंगत पुरावा मिळाला नाही. यावरून ‘गोळ्या निरुपयोगी आहेत’ असा अर्थ काढला गेला, तो मात्र चुकीचा आहे. 2018 मध्ये 522 चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात तपासलेली सर्व 21 औषधे बिनऔषधाच्या गोळीपेक्षा सरस ठरली, जरी ही सरशी मध्यम होती. तापावर क्रोसिन लागू पडते म्हणून ताप क्रोसिनच्या अभावामुळे येतो असे कोणी म्हणत नाही.

रक्तातील सेरोटोनिन किंवा डोपामाइन तपासून मनाचे निदान होते का?

नाही. शरीरातील सुमारे 90 टक्के सेरोटोनिन आतड्यांत असते आणि ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. अशा तपासण्यांवर पैसे घालवू नयेत.

आईबापांच्या वागण्याने मुलांची जनुके बदलतात का?

जनुकांचा मजकूर बदलत नाही, पण तो किती वाचला जाईल हे बदलू शकते. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात मायकेल मीनी यांच्या गटाने पाहिले की काही उंदरीण माता पिल्लांना खूप चाटतात, काही कमी. जास्त चाटलेली पिल्ले मोठेपणी ताणातून लवकर सावरत. 2004 मध्ये दाखवण्यात आले की त्यांच्या मेंदूत ताणाच्या संप्रेरकाला प्रतिसाद देणाऱ्या जनुकावरील रासायनिक खुणा वेगळ्या होत्या. पिल्लांची अदलाबदल केली, तर खुणा जन्मदात्रीप्रमाणे नव्हे, तर सांभाळणारीप्रमाणे उमटल्या. माणसांच्या बाबतीत मेंदूतील अशा खुणा जिवंतपणी पाहणे शक्य नसल्याने, उंदरांवरून थेट पालकत्वाचे वर्ग भरवणाऱ्यांपासून जरा जपून असावे.

लाळेच्या किंवा बोटांच्या ठशांच्या चाचणीवरून मुलाचा कल कळतो का? शाळेतच शिबिर लावले आहे.

बोटांच्या ठशांवरून बुद्धीचे प्रकार सांगणाऱ्या चाचणीला कोणताही शास्त्रीय आधार नाही. लाळेच्या चाचणीत जनुके खरोखर वाचली जातात, पण वर सांगितल्याप्रमाणे स्वभावावर परिणाम करणारे फरक हजारोंनी असल्याने, एका मुलाने कॉमर्स घ्यावे की सायन्स हे त्यांवरून ठरवता येत नाही. शिबिराचे शुल्क भरण्यास नकार द्यावा.

मेंदूतील रसायनांवर परिणाम करणारी औषधे सुरू आहेत. बरे वाटू लागल्यावर ती बंद करावीत का?

स्वतःहून करू नयेत. नैराश्यावरील गोळ्या एकदम सोडल्यास गरगरणे, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखे वाटणे, झोप उडणे असा त्रास होऊ शकतो आणि तो आजारच परत आल्यासारखा भासतो. त्यामुळे मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू उतरवावी लागते. जवळपास मानसोपचारतज्ज्ञ नसतील, तर केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते आणि तेथे मराठीतही संवाद साधता येतो.